समुद्राचं आवर्तन

खानदेशातून नेमानं समुद्राला जाणारी एकच बाई, तापी. मुलताईला निघते, बऱ्हाणपूर करते, भुसावळ मागे टाकते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेपलीकडे समुद्रात शिरते. बाकीचा खानदेश तिच्या मागोमाग सुरतेपर्यंत जातो आणि तिथंच थांबतो, कारण तिथं लूम लागतात. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत सकाळी चहाच्या टपरीवर उभं राहिलं, तर आपण गुजरातेत आहोत की अमळनेरच्या बसस्टँडवर, हे दुकानांच्या पाट्या वाचल्याशिवाय कळत नाही. आमच्या भाऊबंदांपैकी कितीतरी जण तिथं वीस-वीस वर्षं राहिले. समुद्र डुमसला, रिक्षानं जाण्याइतका जवळ. पाहिला का, असं विचारलं की उत्तर येतं, ‘एक डाव गयथूत. तठली रेती काई शे. काई माती त आपला वावरमा बी शे.’

त्यामुळे यंदा मे महिन्यात आमच्या घरात रत्नागिरीचा विषय निघाला, तेव्हा पहिला प्रश्न आला तो ‘कशाला?’ हा. मुलीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. हिरवा डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी शहर, शहराच्या पायाशी समुद्र आणि मागं बासरी. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं की डोंगर बघायचा तर यावल-रावेरकडे गेलं की सातपुडा फुकटात दिसतो, पाणी बघायचं तर हतनूरचं धरण आहे, आणि शहर म्हणाल तर जळगावात आपण राहतोच. हे तिन्ही एका जागी आहे एवढ्यासाठी इतका खर्च? मुद्दा बिनतोड होता. पण धुळ्याच्या साडूंनी ‘आम्ही जाणार’ असं कळवलं, आणि धुळेकर निघाला म्हटल्यावर जळगावकराला घरी बसवत नाही.

या साडूंना सगळे जिभाऊ म्हणतात. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी कालव्याच्या काठानं झाली. आवर्तनाला, म्हणजे कालव्याच्या पाळीला, पाणी किती सोडलं, कुणाच्या चारीला किती वेळ गेलं, रात्री कुणी दार उचलून चोरून घेतलं, हाच संसार. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी लग्नात पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्याकडे ते संशयानंच बघतात. दुसरी गोष्ट म्हणजे ते १९०६ साल विसरलेले नाहीत. त्या साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले आणि पूर्वेचं ठाणं जळगावला आलं. तोवर सगळ्या खानदेशाचा कलेक्टर धुळ्याला बसत असे. जिभाऊंचा जन्म त्यानंतर चाळीसेक वर्षांनी झाला, पण ते असं बोलतात की फायली बैलगाडीत भरताना स्वतः बाजूला उभे होते. मंगला एक्सप्रेस जळगावला बसलं की थेट रत्नागिरीला उतरवते. ती पकडायला त्यांना सामानासकट धुळ्याहून जळगावला यावं लागलं, हाही त्या विभाजनाचाच परिणाम, असं त्यांनी फलाटावर ऐकवलं.

सामानाचं काय सांगावं! दशम्या, तिखट पुऱ्या, लसणाची चटणी, ठेचा, एका डब्यात काळा मसाला, एका पिशवीत भाजीची जाडी शेव आणि जिभाऊंच्या दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. गाडीत पाण्याच्या बाटल्या मिळतात, असं माझ्या मुलीनं सुचवून पाहिलं. ‘मियतस, पन कोनतं पानी ते कोनी सांगस का?’ असं म्हणून त्यांनी कॅन बर्थखाली सरकवले आणि त्यावर पाय ठेवून झोपले.

दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, एवढा भूगोल सगळ्यांना येत होता. म्हणून पनवेल सुटल्यावर आमची अख्खी पलटण उजव्या खिडक्यांना चिकटली. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. ती ज्यांनी आखली त्यांनी डोंगर फोडायचं काम असं काही मन लावून केलं, की समुद्र दाखवण्याचं राहूनच गेलं. बोगदा, उजेड, भाताची खाचरं, पुन्हा बोगदा. प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी जिभाऊंच्या सौ. आक्का विचारायच्या, ‘आला का?’ आणि पलीकडे फणस दिसायचा. रत्नागिरीच्या अलीकडे कारबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, या मार्गावरचा सगळ्यात लांब. त्यात गाडी शिरली ती बाहेर येईना. आक्कांनी आधी रामरक्षा म्हटली, मग ती संपली म्हणून हनुमान चालिसा सुरू केली. तिच्या मध्यावर उजेड आला आणि पाठोपाठ रत्नागिरी. समुद्राचा पत्ता नव्हता.

उतरल्यावर पहिली भेट घामाशी. जळगाव सोडलं तेव्हा पारा चव्वेचाळिसावर होता, रत्नागिरीत जेमतेम तेहेतीस. हिशेबानं अकरा अंशांची चैन व्हायला हवी. पण आमच्याकडचं ऊन सरळ असतं. ते डोक्यावर मारतं, आपण उपरणं गुंडाळतो, घरी येऊन कूलरसमोर बसतो, मिटलं. इथलं ऊन कुठून येतं ते समजत नाही आणि सावलीत गेलं तरी सोबत येतं. कूलर आहे का, असं आम्ही मुक्कामाच्या घरी विचारलं, तेव्हा घरमालकीण काकूंनी आमच्याकडे दयेनं पाहिलं. आधीच ओल्या हवेला आणखी ओलं करून काय मिळवणार?

मात्र त्याच घरात जिभाऊंना पहिला दिलासा मिळाला. न्हाणीघराच्या दारावर पाटी होती: ‘पाणी जपून वापरा.’ ती त्यांनी दोनदा वाचली, मग चष्मा लावून पुन्हा वाचली. जिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तिथं ही पाटी? आमच्या जळगावला सातशेच्या आसपास पडतो, धुळ्याला त्याहून कमी, आणि त्या सातशेवर आम्ही केळी काढतो. काकूंनी समजावलं. जांभा दगड पाणी धरत नाही, उतार त्याला थांबू देत नाही. चार महिने छपराचे पन्हळ तुडुंब वाहतात आणि एप्रिल-मे आला की विहिरी तळ दाखवतात. वरच्या वाड्यांवर तर टँकर जातो. ‘टँकर’ हा शब्द ऐकताच जिभाऊ पुढं सरकून बसले. किती खेपा, कुठं भरतात, नंबर कसा लावतात, याची त्यांनी इतक्या आपुलकीनं चौकशी केली की काकूंना वाटलं, पाहुणे सरकारकडून आलेत. रात्री मला म्हणाले, ‘आठे मन्हं मन लागनं.’

त्याआधी संध्याकाळी मात्र समुद्र झाला होता. भाट्याच्या पुलावरून. एका बाजूनं काजळी नदी येते, दुसऱ्या बाजूला एकदम सगळं मोकळं. बायकांनी हात जोडले, मुलांनी मोबाइल उगारले. जिभाऊ कठड्याला धरून नदीच्या मुखाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला काही लोक भान हरपणं म्हणतील. मी त्यांना ओळखतो. ती खात्यातली नजर होती. एवढी मोठी नदी, ना बंधारा, ना दरवाजा, ना मोजपट्टी, सरळ समुद्रात सोडून दिली आहे, आणि सगळे जण उभं राहून फोटो काढताहेत. ‘गेट कोठे शे?’ त्यांनी विचारलं. उत्तर कोण देणार? मग आम्ही वाळूत उतरलो, त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. ‘कितलं पानी शे! नि एक घोट बी पेवाले नही.’ ते खारट असतं हे त्यांना माहीत होतं, चौथीच्या पुस्तकात होतं. पण पाण्याच्या बाबतीत ते कागदावर विश्वास ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भाट्यावर गेलो, तर समुद्र जागेवर नव्हता. काल जिथं आमच्या सौभाग्यवतींच्या साडीचा काठ भिजला होता, तिथं ओली, घट्ट वाळू आणि तिच्यावर खेकड्यांनी मांडलेल्या गोळ्यांची रांगोळी. पाणी कुठल्या कुठं लांब गेलेलं. मुलांनी क्रिकेट मांडलं. जिभाऊ सुरूच्या बनात शहाळी विकणाऱ्या गृहस्थाकडे गेले आणि जे विचारलं ते उभ्या कोकणात कुणी कुणाला विचारलं नसेल: ‘पानी कव्हय सोडतस?’

शहाळेवाला मुरलेला होता. कोयता न थांबवता म्हणाला, ‘आज चतुर्थी. तीनला भरेल.’

जिभाऊंचे कान टवकारले. पाण्याची वेळ? आणि तिथीवर? मग त्या माणसानं सगळं गणित उलगडलं. पुनवेला आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला. तिथून पुढं तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा भरतीचा, त्यात सहा मिळवले की ओहोटी. रोज पाऊण तास, थोडं वर, पुढं सरकत जातं. होडी घालणारा, कालवं काढायला जाणारा, सगळा किनारा यावर चालतो. दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं.

पाऊणपट म्हटल्याबरोबर जिभाऊंच्या तोंडून पाऊणकी आपोआप सुरू झाली. ते त्या पिढीचे, ज्यांना मास्तरांनी पावकी, निमकी, पाऊणकी छडीच्या धाकात पाठ करून घेतली होती आणि पुढं आयुष्यभर तिचा कुठं उपयोग होईल याची ते वाट बघत होते. ‘एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन!’ चारवर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या मुलीनं मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढेपर्यंत इकडे दोघं पौर्णिमेपर्यंत जाऊन आले होते. शहाळेवाल्यानं दुसऱ्या शहाळ्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या दुपारी तीन वाजता, कोकणी माणूस पंख्याखाली पडलेला असतो अशा वेळी, जिभाऊंनी आम्हा सगळ्यांना उन्हात भाट्यावर उभं केलं. हातात घड्याळ. पाणी येत होतं. एक लाट, मग जरा मागं, मग त्याच्या पुढं दुसरी. खेळपट्टी गेली, खेकड्यांची रांगोळी गेली. एक लाट अंदाजाहून लांब आली आणि जिभाऊंची एक चप्पल उचलून घेऊन गेली. ते शांत होते. दोन-चार लाटांनंतर समुद्रानं चप्पल त्यांच्या पायाशी आणून टाकली. ‘देखा,’ ते म्हणाले, ‘धुयामा देवयबाहेर ठेयेल चप्पल बी परत मियत नही.’ तीन वाजून सात मिनिटांनी पाणी वर चढायचं थांबलंय असं त्यांनी जाहीर केलं. सात मिनिटांचा उशीर माफ केला. आवर्तनाला एवढं इकडंतिकडं होतंच.

त्यानंतरच्या मुक्कामात आमचा प्रत्येक कार्यक्रम पाऊणकीवर चालला. गणपतीपुळ्याला गणपती पश्चिमेकडे तोंड करून बसलाय आणि मागचा डोंगर हाच देव मानून त्याला प्रदक्षिणा घालतात. ती झाल्यावर जिभाऊ म्हणाले, आमच्या पद्मालयाला एकाच देवळात डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती आहेत, पण भरतीची सोय नाही. पद्मालय जळगाव जिल्ह्यात येतं. त्याला त्यांनी ‘आमच्या’ म्हटलं, यावरून त्यांचं मन किती विशाल झालं होतं ते समजावं. पुळ्याचा किनारा झटकन खोल होतो, तशा पाट्याही आहेत. त्यामुळे तापीच्या डोहात उड्या मारलेल्या या माणसानं घोट्यापर्यंतच स्नान केलं.

थिबा राजवाडा बघायला गेलो तेव्हा मात्र मला वेगळाच विचार सुचला. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी पदच्युत केलं आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० साली त्याला हा वाडा बांधून दिला, आणि १९१६ साली तो इथंच वारला. वाड्याच्या पलीकडून खाडी आणि समुद्र दिसतो. म्हणजे आम्ही जे बघायला आगाऊ पैसे भरून, वेटिंगचं तिकीट कन्फर्म होईपर्यंत देव पाण्यात ठेवून आलो, ते त्या बिचाऱ्याला शिक्षा म्हणून दिलं होतं. सावरकरांनाही १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायची बंदी होती. उलट बाजूनं पाहा. कोकणातल्या गागोद्याचे विनोबा आणि पालगडचे साने गुरुजी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबांनी तिथं रविवारी रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि गुरुजींनी ती उतरवून घेतली. म्हणजे ज्याला समुद्र नको त्याला समुद्र, आणि समुद्राकाठच्या मुलखातून आलेल्याला धुळ्याचा उन्हाळा. इंग्रजांना माणसाला कुठं ठेवल्यावर तो जास्त कंटाळतो याचं चांगलं ज्ञान होतं, फक्त गीतेवरची प्रवचनं त्यांच्या हिशेबात नव्हती. ‘आमचा तुरुंगच तसा,’ जिभाऊ म्हणाले. जळगावच्या तुरुंगात असं काही घडलं का, हे त्यांनी विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

तसं पाहिलं तर कोकणानं खानदेशाला कायम मास्तरच पाठवले. साने गुरुजी तुरुंगाच्या आधी अमळनेरला शिकवत होते. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, ते केशवसुत काही काळ आमच्या फैजपूरला हेडमास्तर होते. खानदेशानं कोकणाला बदल्यात काय पाठवलं, या प्रश्नाचं उत्तर आम्हाला रत्नागिरीच्या बाजारात मिळालं. आंब्याच्या पेट्यांच्या रांगेत एका हातगाडीवर पिवळीजर्द, लांबसडक केळी. आमच्या सौभाग्यवतींनी उगाच भाव विचारला आणि तो ऐकून केळी कुठली, असा प्रश्न केला. ‘जळगाव,’ गाडीवाला अभिमानानं म्हणाला, ‘एक नंबर माल.’ जळगावच्या बाईनं दुसऱ्याच्या गावात जाऊन जळगावची केळी विकत घ्यावीत हा प्रसंग माहेरी सांगण्यासारखा नव्हता. तिनं घेतली नाहीत. पण घडावर हात फिरवला, पिकवणी बरोबर झालीय का ते पाहिलं आणि ‘देठ जरा जास्त कापलाय’ असा शेरा मारून पुढं गेली.

जेवणाचं विशेष काही सांगत नाही, फक्त शेवभाजी. काकूंच्या स्वयंपाकात कशातही ओलं खोबरं पडायचं आणि जिभाऊ दोन घास खाऊन खिशातल्या डबीतून ठेचा काढायचे. सोलकढी त्यांनी औषधासारखी घेतली. शेवटी एका संध्याकाळी काकूंच्या परवानगीनं आक्का आणि आमच्या सौ. चुलीचा ताबा घेऊन बसल्या. कांदा, सुकं खोबरं काळं होईपर्यंत भाजलं, काळा मसाला तेलात पडला आणि ठसक्यानं मागच्या दारचं मांजर निघून गेलं. काकू पदर नाकाला लावून दारात उभ्या. रश्शावर लाल तर्री चढली तशा त्या हळूच म्हणाल्या, ‘तेल जास्त झालंय का गं?’ आक्का म्हणाल्या, ‘अजून वर यायचंय.’ आयत्या वेळी शेव टाकली. ताटं मांडेपर्यंत दोघी बाहेर गेल्या आणि तेवढ्यात काकूंनी काळजीपोटी मूठभर ओलं खोबरं वरून पेरलं. पंगतीत कुणी कुणाला काही बोललं नाही. जिभाऊंनी दोनदा वाढून घेतली. काकूंनी एक घास खाल्ला, तीन तांबे पाणी प्यायल्या आणि मग पाटी आठवून चौथा ठेवून दिला.

परतीच्या गाडीत आंब्याच्या पेट्या बर्थखाली आणि कॅन मांडीवर, कारण त्यांत आता रत्नागिरीच्या विहिरीचं पाणी भरलेलं होतं. धुळ्यात चव दाखवायची होती. खिडकीकडे कुणी फिरकलं नाही.

आता पाऊस तोंडावर आलाय. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पूर्वी सकाळी गुलाबाची फुलं यायची, ती बंद झालीत. पहाटे पाचला जिभाऊंचा निरोप पडतो. आजचा असा: ‘एकादशी. अकरा पाऊण सव्वाआठ. रत्नागिरीले भरती ८.१५.’ खाली सुरतेच्या एका पुतण्यानं अंगठा दाखवला. मग त्याच घरातून, बहुधा स्वयंपाकघरातून, आक्कांनी लिहिलं: ‘नि आपला नळले कव्हय पानी येई?’

त्यावर जिभाऊंचं उत्तर लगेच होतं: ‘त्याले तिथी नही.’